झाशीच्या रयतेची कैफियत

१८६६ साली इंग्लंडच्या राणीच्या सरकारने सर ह्यू रोज यांस उमरावपद बहाल केले, तेव्हा त्या पदाच्या अधिकृत नावात स्कॉटलंडातील स्ट्रॅथनेर्न या स्थळाच्या जोडीला झाशी हेही नाव घालण्यात आले. आठ वर्षांपूर्वी ज्या शहराला रोजसाहेबांनी वेढा दिला, ज्याच्या तटाला खिंडार पाडून आत प्रवेश केला, आणि ज्याच्या गल्लीबोळांतून त्यांच्या सैन्याने घरोघर शिरून माणसे मारली, ते शहर अशा रीतीने विजेत्याच्या किताबात कायमचे दाखल झाले. त्या विजयाची हकीकतही प्रथम विजेत्याच्याच दप्तरातून जगापुढे आली. रोजचे सरकारी खलिते, त्यांच्या फौजेबरोबर असलेल्या टॉमस लो नामक डॉक्टराने १८६० साली छापलेले पुस्तक, आणि पुढे मॅलेसनने लिहिलेला बंडाचा विस्तृत इतिहास हे सारे हाती घेतले, म्हणजे मोर्चे कोठे लागले, शिड्या कोठे अपुऱ्या पडल्या, कोणता अधिकारी कोणत्या क्षणी पडला, याचा तपशील दिवसावार सापडतो. मॅलेसनने इंग्रजी पक्षाची हानी बेटवेवरची लढाई धरून ठार व जखमी मिळून ३४३ अशी दिली आहे, आणि त्यांत अधिकारी ३६ होते हेही सांगितले आहे. दुसऱ्या पक्षाची हानी मात्र एकट्या झाशीत सुमारे ५,००० असावी असा केवळ अदमास आहे; आणि त्या पाच हजारांत शिपाई किती, हलवाई किती, कोष्टी किती, देवळातले पुजारी किती, याची विचारणा करण्याचे कोणास कारण पडले नाही.

ती विचारणा ज्याच्या लेखणीने केली, तो माणूस झाशीचा रहिवासी नव्हता, दरबारी नव्हता, शिपाई तर नव्हताच. पेणजवळच्या वरसई गावचा, वयाने तिशीच्या आसपासचा, घरच्या कर्जाने गांजलेला हा चित्पावन भिक्षुक, विष्णुभट गोडसे, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा विपुल मिळेल या वार्तेवर विश्वासून १८५७ साली आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाला. महूच्या परिसरात पोहोचतो न पोहोचतो तोच पलटणी बिघडल्याची वार्ता त्याच्या कानी आली. पण कर्जाचे ओझे पाठीवर असलेला माणूस सहजी परत फिरत नसतो. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे करीत हे काका-पुतणे झाशीस आले. तेथे दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती होती, राज्य महाराष्ट्रीय नेवाळकरांच्या घराण्यातले होते, आणि विद्येची कदर करणारी राणी गादीवर होती. म्हणून दोघे तेथे राहिले, आणि राहिले म्हणून वेढ्यात सापडले.

झाशीचे राज्य त्यापूर्वीच एकदा बुडाले होते. राणीचे पती गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. मृत्यूच्या आदल्याच दिवशी त्यांनी दत्तक घेतलेल्या दामोदररावास वारस मानण्याचे लॉर्ड डलहौसीने नाकारले आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले. राणीला दरमहा पाच हजारांचे वेतन नेमून देण्यात आले. पुढे ८ जून १८५७ रोजी, किल्ल्यात आश्रय घेतलेल्या इंग्रज स्त्री-पुरुषांस व मुलांस बंडवाल्यांनी बाहेर काढून जोखनबागेत कापून काढले. मृतांची संख्या साठाच्या आसपास होती, आणि त्यांतही हत्यार न धरलेली माणसे पुष्कळ होती. राणीने सागर प्रांताचे कमिशनर अर्स्किन यांस पत्रे लिहून हा दोष शिपायांवर ठेवला, आणि त्याच अर्स्किनने पुढे सरकारी अधिकारी येईपर्यंत जिल्ह्याचा बंदोबस्त पाहण्याचा अधिकार राणीस दिला, हे कागदोपत्री नमूद आहे. त्या कत्तलीतून वेषांतर करून वाचलेल्या एका युरेशियन बाईची जबानीही सरकारने नोंदवून घेतली. ज्यांनी ती जबानी घेतली त्यांनी योग्यच केले. माझे म्हणणे इतकेच आहे की दहा महिन्यांनंतर त्याच शहरातील रयतेवर जे गुजरले, त्याची जबानी घेण्यास कोणी कारकून बसला नाही. आणि ते काम पंचवीस वर्षांनी, कोकणातील आपल्या घरी बसून, एका भटजीने केले.

शके १७८० चा चैत्र नुकताच लागला होता. पाडवा होऊन पाच दिवस झाले, आणि २१ मार्च १८५८ रोजी रोजची फौज झाशीपुढे येऊन ठाकली. हे संकट दारात उभे असतानाही शहराचे सण थांबले नव्हते; त्या चैत्रातल्या गौरीच्या हळदीकुंकवाचे वर्णन गोडसेभटजींनी मोठ्या ममतेने केले आहे. आसमंतातली झाडे-गवत आधीच नष्ट करण्यात आले होते, जेणेकरून शत्रूस सावली मिळू नये आणि जनावरांस चारा मिळू नये. पण ग्वाल्हेर व ओरछा या दरबारांकडून रोजला रसद पोहोचत राहिली. २५ मार्चपासून तोफांचा भडिमार सुरू झाला.

वेढ्याचे वर्णन करताना रोजसाहेबांची नजर तटाच्या बाहेरून आत जाते. भिंतीची जाडी, बुरुजाचा कोन, खिंडाराची रुंदी यांचा हिशेब त्यात येतो. आणि तोफांच्या मोर्च्यांवर स्त्रिया काम करताना, दारूगोळा वाहून नेताना दिसल्या, हे त्या सेनापतीनेही मोकळ्या मनाने लिहून ठेवले आहे. भटजींची नजर आतून वर जाते. रात्रीच्या अंधारात तापून लाल झालेले गोळे आकाशातून इकडून तिकडे जाताना कसे दिसत, कुलपी गोळा येऊन पडला म्हणजे तो फुटेपर्यंतच्या अवधीत भोवतालच्या लोकांची काय अवस्था होई, आणि फुटल्यावर घराचे काय होई, हे त्यांनी सांगितले आहे. तोफेचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत, परंतु वेढ्यातल्या पाण्याचे वर्णन करणारा विरळा. ज्या जागी पाणी भरावयाचे, ती जागाच बाहेरच्या तोफांच्या माऱ्यात येई आणि भरणारे घागरीसकट पडत. आतल्या तोफांनी बाहेरच्या तोफा काही काळ गप्प केल्या, म्हणजे तेवढ्या उसंतीत लोकांनी धावत जाऊन पाणी आणावे. चैत्राच्या उन्हात, बुंदेलखंडाच्या तापलेल्या खडकावर वसलेल्या शहरात पाण्यासाठी जीव मुठीत धरून जाणे म्हणजे काय, हे स्नानसंध्येला बांधलेल्या ब्राह्मणाने लिहिले आहे, आणि त्याच्या त्या लिहिण्यात धर्मकृत्याची खोळंबलेली वेळ व देहाची तहान ही दोन्ही एकत्र आली आहेत.

३१ मार्चच्या संध्याकाळी बेटवेच्या बाजूस मोठा जाळ दिसला. तात्या टोपे सैन्य घेऊन आल्याची ती खूण होती. सुमारे २०,००० माणसे मदतीस आली आहेत असे कळताच किल्ल्यावरून तोफांची सरबत्ती झाली, आणि शहरातल्या घराघरांतून, आता सुटलो, असा निःश्वास निघाला असेल यात संशय नाही. रोजने वेढा न उठवता, हाताशी असलेल्या थोड्या सैन्यानिशी दुसऱ्या दिवशी, १ एप्रिल रोजी, तात्यांचा पराभव केला. लष्करी इतिहासकार या डावाची तारीफ करतात, आणि डाव खरोखरच धाडसाचा होता. ज्या लोकांनी तटावरून व माड्यांवरून तो धुराळा पाहिला आणि संध्याकाळपर्यंत त्या धुराळ्याचा अर्थ ओळखला, त्यांची रात्र कशी गेली असेल हे मात्र लष्करी इतिहासात असण्याचे कारण नाही. ती निराशा भटजींच्या पानांत उतरली आहे, कारण तेही त्या पाहणाऱ्यांत होते.

३ एप्रिलच्या पहाटे सुलतानढवा झाला. इंग्रजी फौज खिंडारातून आणि शिड्यांवरून शहरात शिरली, राजवाड्यापर्यंत घराघरासाठी लढत गेली, आणि त्यानंतर शहरात जे झाले ते युद्ध या संज्ञेत बसत नाही. गोडसेभटजी लिहितात त्याप्रमाणे, हाती हत्यार असो वा नसो, पाच वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या वृद्धापर्यंत जो पुरुष दिसेल त्यास ठार करण्यात येऊ लागले. हलवाईपुऱ्यास आग लागली. लोक तळघरांत, माळ्यांवर, गवताच्या गंजीत, विहिरींत लपले. आता याच ठिकाणी डॉक्टर लो यांचे पुस्तक उघडावे. जोखनबागेचा सूड हे त्या कृत्यांचे समर्थन त्यांनी मनापासून केले आहे, राणीविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले आहेत. आणि तरीही, ज्यांस पळता आले नाही अशा पुरुषांनी बायकामुलांस विहिरींत लोटले आणि मागोमाग स्वतः उड्या घेतल्या, हे त्यांनीही नमूद केले आहे. दोन साक्षीदार एकमेकांस ओळखत नाहीत, एकमेकांच्या भाषा जाणत नाहीत, एकाची सहानुभूती जेथे आहे तेथे दुसऱ्याचा संताप आहे. अशा दोघांच्या कथनात विहीर एकाच जागी येते, तेव्हा ती विहीर तेथे होती असे मानणे न्यायाला धरून आहे. उलट पक्षी, स्त्रियांस व मुलांस इंग्रज शिपायांनी आपल्या शिध्यातून अन्न दिले असेही इंग्रजी लेखांत आहे, आणि स्त्रियांवर जाणूनबुजून शस्त्र चालवले नाही हे भटजींच्या कथनावरूनही दिसते. घरातला कर्ता पुरुष डोळ्यांदेखत गेल्यावर शिधा हाती घेणाऱ्या त्या स्त्रीस दयेचा अर्थ काय वाटला असेल, हे मात्र दोहोंपैकी कोणीच लिहिले नाही.

कत्तलीमागोमाग लूट आली, आणि लुटीच्या वर्णनात गोडसेभटजींची दृष्टी इतकी बारीक होते की वाचणाऱ्याचा श्वास अडतो. एकदम सारे गेले असे ते सांगत नाहीत. आधी गोरे आले, त्यांनी सोने, रुपे, जडजवाहीर नेले. मग काळ्या पलटणींची पाळी आली. क्रमाक्रमाने तांब्यापितळेची भांडी गेली, कापडचोपड गेले, धान्य गेले. घरात घेण्यासारखे काही उरले नाही तेव्हा जे उरले होते तेही गेले. भिंती खणून, फरशी उखडून, पाणी ओतून जमीन कोठे पोकळ लागते ते पाहण्यात आले. पै-पैसा गाठीस बांधण्यासाठी घर सोडलेला हा माणूस स्वतः या लुटीत नागवला गेला, म्हणून असेल, वस्तूचे मोल त्याला कळते. पण त्याची नोंद केवळ स्वतःच्या नुकसानीपाशी थांबत नाही. ज्या घरात पाणी प्यावयास लोटा उरला नाही, शिजवावयास भांडे उरले नाही आणि शिजवावे असे धान्यही उरले नाही, त्या घरातली बाई पाचव्या दिवशी काय करते, हा प्रश्न त्यांच्या मांडणीतून आपोआप उभा राहतो. फौजेतल्या काळ्या पलटणींत मुंबई इलाख्याच्या पायदळाचे शिपाई होते, आणि त्या पायदळात कोकण-देशावरची माणसे भरती होत असत, ही गोष्टही मराठी वाचकाने विसरू नये. त्या आठवड्यात झाशीत मराठी बोलणारे दोन्ही बाजूंस होते असे मानण्यास त्यामुळे जागा आहे.

राजवाड्यातील ग्रंथालयाची हकीकत मी मुद्दाम निराळी काढतो. झाशीच्या अधिपतींनी पिढ्यान् पिढ्या हस्तलिखिते जमवली होती. वेद, शास्त्रे, पुराणे, ज्योतिष, वैद्यक यांच्या पोथ्या रेशमी बासनांत बांधून ठेवलेल्या असत, आणि दुर्मीळ ग्रंथाची नक्कल करून घेण्यासाठी काशीचे पंडितही झाशीकडे वळत, असे भटजी सांगतात. शिपायांनी पोथ्यांचे गठ्ठे खिडक्यांतून खाली फेकले, बासने सोडवून घेतली, आणि सुटी पाने वाऱ्यावर गेली. स्वतःची दक्षिणा गेल्याचे दुःख त्यांनी संयमाने सांगितले आहे. या पानांचे दुःख सांगताना तो संयम टिकलेला नाही. ज्याचे सारे द्रव्य पाठांतरात होते, त्या भिक्षुकाने लिखित ग्रंथासाठी केलेला हा शोक मराठी गद्यातील अत्यंत प्रामाणिक उतारा आहे, असे माझे मत आहे.

दवंडी पिटून कत्तल थांबल्याचे जाहीर झाले, तेव्हा लोक बाहेर आले. गल्ल्यांत प्रेते कुजत होती. ज्याचे ओळखू आले त्याचे नातलगांनी उचलले, ज्याचे कोणी उरले नव्हते ती प्रेते चव्हाट्यावर एकत्र रचण्यात आली, आणि इतक्या प्रेतांस पुरेल एवढे सरपण शहरात नसल्यामुळे पडक्या घरांची लाकडे, कवाडे, खिडक्या यांनी चिता पेटल्या. मॅलेसनने शहरात प्रत्यक्ष जाळलेल्या व पुरलेल्या प्रेतांची संख्या एक हजाराहून अधिक दिली आहे. गुरे मालकांवाचून हंबरत फिरत होती. त्यांस वैरण घालणारा नव्हता. मंत्राग्नी मिळाला किती जणांस आणि मिळाला नाही किती जणांस, या विचाराने व्याकूळ झालेला एक वैदिक त्या धुरातून वाट काढीत होता, हे चित्र मनात ठेवल्यावर इतिहासाचे पुष्कळ ग्रंथ अपुरे वाटू लागतात.

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे, आणि तो टाळणे बरे नव्हे. हे सारे पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिले. कल्याणच्या वैद्य घराण्याचे भटजी हे उपाध्याय. त्या घरातल्या तरुण चिंतामणराव वैद्यांनी त्यांच्या तोंडून या गोष्टी ऐकल्या, लिहून काढण्याचा आग्रह केला, त्याबद्दल त्यांस द्रव्यही देऊ केले, आणि १८८३ च्या सुमारास लेखन सिद्ध झाले. सरकारची इतराजी ओढवण्याचे भय खरे होते. पुस्तक छापून निघाले ते १९०७ साली, भटजी गेल्यानंतर, आणि तेही वैद्यांनी भाषा साफसूफ करून व काही मजकूर गाळून. मूळ प्रतीबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केली तेव्हा १९६६ साल उजाडले होते. शिवाय भटजींच्या लेखनात ऐकीव गोष्टी थोड्या नाहीत. बंड का झाले याचा त्यांनी दिलेला खुलासा, सरकारने म्हणे हिंदू-मुसलमानांच्या धर्मावर चौऱ्याऐंशी कलमे काढली, हा वाटेवरच्या शिपायांनी सांगितलेला आहे, आणि त्यास इतर कागदांचा आधार नाही. लढायांचे तपशील, सरदारांची भाषणे, दरबारातली खलबते यांतही वदंता मिसळली आहे.

परंतु साक्षीचा कायदा जाणणाऱ्याला हा भेद नवा नाही. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले निराळे आणि ऐकलेले निराळे. बंडाच्या कारणांविषयी भटजी हे अफवेचे साक्षीदार आहेत, आणि त्या काळच्या रस्त्यांवर कोणती अफवा फिरत होती एवढेच त्यांवरून सिद्ध होते. झाशीच्या त्या दोन आठवड्यांविषयी मात्र ते घटनास्थळी हजर होते, लपलेल्या घरात होते, लुटले गेले, प्रेतांवरून चालत बाहेर पडले. शहर सोडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी, धुळीने माखलेली, पुरुषवेषातली, थकलेली राणी त्यांना भेटली. पाणी काढून देण्यास हे पुढे झाले असता, विद्वान ब्राह्मणाने माझ्यासाठी पाणी काढू नये, अशा आशयाचे बोलून तिने स्वतः पाणी काढले आणि ओंजळीने प्यायली. हा प्रसंग मराठी मनाने हृदयाशी धरला, ते उचितच झाले. पण या एका प्रसंगाच्या तेजाने पुस्तकातला शहराचा भाग झाकोळून गेला, हेही खरे आहे. राणीच्या शौर्यासाठी पारसनीसांचे १८९४ चे चरित्र आहे, काव्ये आहेत, नाटके आहेत. हलवाईपुऱ्यासाठी हेच एक पुस्तक आहे.

झाशीस आज जाणाऱ्याला किल्ल्यात कडकबिजली आणि भवानीशंकर या तोफा पाहावयास मिळतात. गौसखान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची थडगी तेथेच आहेत. राणीमहालात पुराणवस्तूंचा संग्रह आहे. जोखनबागेत मारल्या गेलेल्या इंग्रजांचे स्मारकही आहे. १८६१ साली हे शहर शिंद्यांस देण्यात आले, १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात इंग्रजांनी ते परत घेतले. अशा अदलाबदलीत सरकारी दप्तरे या अंमलाकडून त्या अंमलाकडे जात राहिली, आणि रयतेची आठवण रयतेपाशीच राहिली. दतिया दरवाजा, ओरछा दरवाजा, उनाव दरवाजा, खंडेराव दरवाजा ही नावे रिक्षावाल्याच्या तोंडी आजही नित्याची आहेत. भटजींचे पुस्तक हाती धरून त्या दरवाजांमधल्या गल्ल्यांतून फिरावे, म्हणजे एवढ्याशा अंतरात एवढी माणसे कोठे लपली असतील हा विचार पाय जागीच धरून ठेवतो.

या लेखाच्या वाचकांस माझ्या दोन विनंत्या आहेत. भटजींचे हे पुस्तक, ‘माझा प्रवास’, ज्यांनी शाळेत उताऱ्यापुरते वाचले असेल, त्यांनी पोतदारांची प्रत मिळवून झाशीचे प्रकरण सबंध वाचावे. आणि भटजींसारखी साक्ष आजही नोंदवता येण्यासारखी आहे म्हणून, ज्यांच्या घरी किंवा शेजारी मराठवाड्यातील रझाकारी अंमलाचे, १९४७-४८ सालचे, गावावर हल्ला झाल्याचे स्वतः पाहिलेले कोणी वृद्ध आजही हयात असेल, त्यांनी तारीख, गाव, गल्ली, पाण्याची सोय, धान्याची स्थिती, मेलेल्यांची नावे, हे सारे त्यांच्याच बोलीत, पाहिलेले एका बाजूस आणि ऐकलेले दुसऱ्या बाजूस असे विभागून, लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे पाठवावी. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. हे काम याच दिवाळीच्या सुटीत हाती घ्यावे.